उजेडाचं औषध

आमच्या थोरलीला लांबचं नीट दिसत नाही, हे आम्हांला घरात कळलं नाही की शाळेतून कळलं नाही. ते कळलं चिवल्याच्या किनाऱ्यावर, रापणीच्या वेळी. दोन्हीकडून माणसं दोर ओढीत होती, जाळं अजून पाण्यातच होतं आणि त्याच्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा नुसता कल्ला चालला होता. शेजारची मुलं ओरडली, "बघ, बघ, किती पक्षी!" आमची थोरली डोळे बारीक करून समुद्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कुठे गं? मला नुसता आवाज येतोय."

ती तेव्हा सात वर्षांची होती. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवून घेणारं एखादं तरी मूल मी दर वर्षी हुडकून काढते आणि त्याच्या घरी चिठ्ठी पाठवते. माझ्या घरातलं मूल मात्र मला हुडकता आलं नव्हतं. त्या दिवशी रापणीत बांगडा चांगला मिळाला होता. वाट्याची पिशवी घेऊन मी घरी आले खरी, पण तो साफ कुणी केला आणि तळला कुणी, काही आठवत नाही.

पहिला नंबर निघाला दीड. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कोणाक चष्मो नाय." मला स्वतःला चार नंबरचा चष्मा आहे, तेव्हा बोलणं कोणत्या दिशेने गेलं ते तुम्ही ओळखलंच असेल. (पुढे डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं की आईवडिलांपैकी एकाला चष्मा असला की मुलांना लागण्याचा संभव वाढतो. ते मी घरी येऊन सांगितलं नाही.)

दीडाचे अडीच झाले, मग चार, मग सव्वापाच. दिवाळीला नवे कपडे घ्यावेत तशी आम्ही दर मे महिन्यात नव्या काचा घेत होतो. अकराव्या वर्षी आकडा साडेसहावर गेला. एका हळदीकुंकवात एक बाई माझ्या हातावर अत्तर लावता लावता सहज म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो, पण चष्मा एवढा जाड! पुढे लग्नाच्या वेळी…" मी तिळगूळ घेतला आणि गप्प बसले. लग्नाची चिंता मला नव्हती. माझी चिंता वेगळीच होती, आणि ती मी कुणाशी बोलत नव्हते. हा आकडा थांबणार कुठे? आणि नाहीच थांबला, तर?

अशा मनःस्थितीत माणूस कशालाही धरतं. आमच्या शेजारणीच्या भाच्याच्या डोळ्यांवर मुंबईला एक उपचार झाला होता. शेजारीण सांगत होती, "अगो, डोळ्यात पिवळे थेंब घालतात आणि वरून निळा उजेड सोडतात. डोळा घट्ट होतो. नंबर वाढायचा थांबतो." नंबर वाढायचा थांबतो! मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्या रात्री मी ह्यांच्यामागे लागले. ह्यांचं म्हणणं, आधी नीट चौकशी करू. मी म्हटलं, चौकशी तिथे जाऊनच होते. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पहाटेची एसटी धरली, कुडाळला गाडी बदलली आणि थोरलीला घेऊन गोव्यात एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई शांत होत्या. औषधाच्या कागदाच्या मागे त्यांनी एक डोळा काढला आणि मला समजावून सांगितलं. ते मला समजलं तसं सांगते. डोळा हा एक चेंडू आहे. पुढे पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निआ. बाकी सगळीकडून पांढरी जाड भिंत, तिला श्वेतपटल म्हणतात. आतून मागच्या बाजूला पडदा, ज्याच्यावर चित्र उमटतं. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे मोजला तर १६-१७ मिलिमीटर भरतो आणि मोठेपणी साधारण २३-२४. आपल्या नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००९ या काळात तीस वर्षांवरच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले, तेव्हा सरासरी लांबी निघाली २२.६ मिलिमीटर. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीचा डोळा होता २६.३.

म्हणजे डोळा लांब वाढलाय. चित्र पडद्याच्या अलीकडेच उमटतं, म्हणून लांबचं धूसर दिसतं. तेवढ्यावर भागलं असतं तर चष्म्याने काम झालं असतं. पण आपण पापड लाटतो तेव्हा काय होतं? लाटी तेवढीच. पापड जितका मोठा करावा तितका पातळ होतो आणि कधीकधी मध्येच विरतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीचं आणि आतल्या पडद्याचं तसंच होतं. सहाच्या पुढचा नंबर हा मोठा नंबर समजतात. अशा डोळ्यांत पुढे वय वाढल्यावर पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज या गोष्टींचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. जास्त असतो म्हणजे होतंच असं नाही, हे बाई दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या ते बहुधा माझा चेहरा पाहून.

मग मी भाच्याच्या उपचाराचं विचारलं. मला वाटलं होतं, बाई म्हणतील, उद्या या, करून टाकू.

त्या भाच्याला झालं होतं ते वेगळंच. त्याच्या पुढच्या काचेला, कॉर्निआला, शंकूसारखं टोक येत होतं. या विकारात डोळे चोळण्याची सवय फार घातक. मुलं डोळे चोळत असतील तर आयांनी तिकडे दुर्लक्ष करू नये, एवढं जाता जाता सांगते. या विकारावरचा उपचार जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या डॉक्टरांनी शोधला आणि रुग्णांवरचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पिवळे थेंब असतात रिबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांना जो पिवळा रंग असतो तो याचाच. ते थेंब अर्धा तास घालतात, कॉर्निआत मुरवतात आणि मग अर्धा तास अतिनील किरण सोडतात. किरण आणि थेंब मिळून कॉर्निआतल्या तंतूंना एकमेकांत गुंतवतात. सैल विणलेल्या पाटीला आडव्या काड्या घालून आवळावं, तसं. अमेरिकेने २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत हा उपचार होतो आणि चांगला होतो.

"मग हेच मागच्या भिंतीला करा की," मी म्हटलं. मला वाटलं होतं, आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो. पण बाई म्हणाल्या, "हेच त्या डॉक्टरांच्याही मनात आलं होतं." २००४ साली त्यांनी डुकरांच्या आणि मृत माणसांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भिंतीवर हा प्रयोग प्रयोगशाळेत केला. भिंत खरंच घट्ट झाली. मग २००५ साली जिवंत सशांवर केला. भिंत तिथेही घट्ट झाली, पण किरण भिंतीतून आत गेले आणि पडद्यातल्या ज्या पेशींनी आपल्याला दिसतं त्या पेशी जळून गेल्या. पुढच्या काचेमागे पाणी असतं, भिंग असतं. मागच्या भिंतीला लागून मात्र पडदाच असतो. पुढे अतिनील किरणांऐवजी निळा उजेड वापरून सशांवर आणि गिनीपिगांवर प्रयोग झाले, मात्रा कमी करून पाहिली. त्यांतून आशा वाटावी असंही काही हाती आलंय. पण ते संशोधन आहे, आणि मुलांच्या डोळ्यांवर करायचा रूढ उपचार तो नव्हे.

थोरली शेजारीच बसली होती. ती ऐकते आहे हे मी विसरलेच होते. परतताना बांद्याच्या पुढे तिने खिडकीतून तोंड वळवलं आणि विचारलं, "आई, त्या सशांचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "झोप थोडा वेळ."

आता दुसऱ्या उजेडाची गोष्ट. आम्ही गोव्याहून आलो त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात वन्संचा मेलबर्नहून फोन आला. त्यांनी कुठून ऐकलं देव जाणे, पण त्यांचं सगळं तयार होतं. तांबड्या उजेडाचं एक यंत्र असतं. मुलाने त्यात दुर्बिणीसारखे डोळे लावून तीन मिनिटं बघायचं. सकाळी एकदा आणि मग किमान चार तासांनी पुन्हा एकदा. आठवड्यातून पाच दिवस. थेंब नाहीत, टोचणं नाही, घरच्या घरी! "मी पाठवते, पैशांचं काय ते नंतर बघू," वन्सं म्हणाल्या. त्यांचा जीव आहे भाचीवर, त्यात शंका नाही.

ह्यांनी एरवी चौकशीचा आग्रह धरला असता, पण बहिणीचा फोन म्हटल्यावर तेही बसून वाचायला लागले. आणि वाचलेलं खोटं नव्हतं. चीनमध्ये २६४ मुलांवर या उजेडाचा अभ्यास झाला आणि तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. मुलं आठ ते तेरा वर्षांची. नुसता चष्मा लावणाऱ्या मुलांचा डोळा वर्षात सरासरी ०.३८ मिलिमीटर वाढला, तर उजेड घेणाऱ्यांचा ०.१३. डोळ्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर या उजेडाने जाड होतो, असं दिसलं. भिंत घट्ट करण्याचा हा प्रकार नव्हे, पण वाढ रोखणं महत्त्वाचं. ह्यांनी मला तो आकडा तीनदा वाचून दाखवला. "एवढ्या मुलांत एकाच्याही डोळ्याला इजा दिसली नाही, बघ!" मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. यंत्र कुठल्या टेबलावर ठेवायचं ते मनात ठरवून झालं होतं.

तरी म्हटलं, गोव्याला एकदा विचारू. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, अभ्यास खरा आहे, आकडे खरे आहेत. पण २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधल्याच एका मुलीची हकीकत आली आहे. तिने हा उजेड पाच महिने घेतला. तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसू लागलं आणि तपासलं तर दोन्ही पडद्यांना इजा झालेली. उजेड बंद केल्यावर काही महिन्यांत थोडी सुधारणा झाली. मुलगी बारा वर्षांची होती. पुढे चीन सरकारनेच ही यंत्रं सर्वांत कडक नियमांच्या वर्गात टाकली आणि जुलै २०२४ पासून त्या मान्यतेशिवाय ती बनवायला आणि विकायला बंदी घातली. शिवाय उपचार थांबवला की डोळा पुन्हा वेग घेतो, असंही आढळलं आहे. "उद्या यातून चांगलं काही निघणार नाही, असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण पडद्याची तपासणी दर थोड्या दिवसांनी करायची सोय नसताना, मालवणात घरी बसून हे यंत्र लावू नका."

बारा वर्षांची! आमची अकरा पुरी करून बाराव्यात गेली होती.

आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता. ह्यांचं म्हणणं, हजारो मुलांत एखादीला झालं असेल, पण नंबर वाढला तर त्याचा धोका नाही का? हे म्हणणं चुकीचं आहे असं मला आजही म्हणता येत नाही. दोन्हीकडे धोका होता. फक्त एक धोका मी स्वतःच्या हाताने, सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून द्यायचा होता. ते माझ्याने होणार नव्हतं. वन्संना मीच फोन केला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हांला कळतं." त्यात रागाचा भाग किती आणि समजुतीचा किती, ते अजून उमगलेलं नाही.

तर मग केलं काय, असं तुम्ही विचाराल. रोज रात्री झोपताना थोरलीच्या डोळ्यांत अ‍ॅट्रोपिनचा एकेक थेंब घालते. फार पातळ केलेला असतो. यावर सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये बरीच वर्षं अभ्यास झाला आहे. नंबर उतरत नाही, वाढायचा वेग मंदावतो, तोही सर्वांचा सारखा नाही. गंमत म्हणजे हे अ‍ॅट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असतं, महादेवाला वाहतो त्या. म्हणून कुणी धोतऱ्याचा रस डोळ्यांत घालू नका हं! बाहुली मोठी होऊन दिसेनासं होतं आणि पोटात गेला तर जिवावर बेततं. औषध डॉक्टरांकडूनच घ्यायचं. चष्मा पूर्ण नंबरचा द्यायचा. कमी नंबरचा दिला की डोळा "आळशी होत नाही", हा समज खोटा. उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहण्याचा उपाय आमच्या सासूबाईंनी सुचवला होता. तो मात्र मी पहिल्याच दिवशी बंद पाडला, कारण त्याने पडदा भाजतो. आणि डोळ्यांसमोर विजेसारखं चमकलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे मी थोरलीला पाठ करायला लावलंय. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घेतो.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. पहिल्या भेटीत उठता उठता बाईंनी विचारलं होतं, "ही दिवसातून किती वेळ बाहेर असते? उजेडात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आमचं माजघर दिसलं. कौलारू घर, जाड भिंती, दुपारीही दिवा लावावा लागतो असं माजघर. सात वर्षांची असल्यापासून थोरली तिथेच बसून अभ्यास करते. शाळा, मग शिकवणी, मग माझ्याकडे शुद्धलेखन. मग शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. समोरच्या खळ्यात मुलं लगोरी खेळायची आणि ही दारात जाऊन उभी राहिली की मी हाक मारायची, "झाला का गं धडा?" मास्तरणीची मुलगी मागे पडली तर लोक काय म्हणतील! शिष्यवृत्ती मिळाली. तिचं प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलंय.

उघड्यावरचा दिवसाचा उजेड डोळ्याला आवश्यक असतो, हे गेल्या काही वर्षांत पक्कं झालंय. घरातल्या दिव्याचा उजेड काहीशे लक्स, बाहेर उन्हात दहा हजारांच्या वर. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि ते डोळ्याच्या लांब वाढण्याला लगाम घालतं, असं शास्त्रज्ञ मानतात. चीनमधल्या ग्वांगझो शहरात बारा शाळांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. २०१५ साली निष्कर्ष आले: तीन वर्षांत इतर शाळांत १०० पैकी साडेएकोणचाळीस मुलांना चष्मा लागला, तर या शाळांत तिसाच्या आसपास. तैवानने तर २०१० पासून शाळाशाळांतून रोज दोन तास बाहेर, असा कार्यक्रमच घेतला. दिल्लीच्या शाळांतल्या पाहणीतही बाहेर जास्त खेळणाऱ्या मुलांत चष्मा कमी दिसला.

इथे आमच्या दारात समुद्र आहे, एवढं मोठं आभाळ आहे, आणि मी मुलीला माजघरात बसवलं.

बाईंनी एक गोष्ट लपवली नाही. बाहेरच्या उजेडाचा गुण चष्मा लागण्याआधी जास्त. एकदा लागल्यावर तो वाढू नये म्हणून त्याचा उपयोग थोडाच. म्हणजे थोरलीसाठी उशीर झालाच. मी बाईंना विचारलं, "माझ्यामुळेच झालं का?" त्या म्हणाल्या, "एका कारणाने होत नाही. आणि तुम्हांला तेव्हा माहीत नव्हतं." पहिलं वाक्य मी लक्षात ठेवायचा प्रयत्न करते.

धाकटा आता सात वर्षांचा झाला, थोरलीला पहिला चष्मा लागला त्याच वयाचा. मागच्या महिन्यात त्याचे डोळे तपासले. चष्मा नाही. त्याचा अभ्यास आता पडवीत होतो. शाळेतून आला की पाच वाजेपर्यंत दप्तर उघडायचं नाही, असा मी नियम केलाय. शिकवणीच्या बाईंना सांगून टाकलं की तो येणार नाही. त्यांना राग आला. पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. तरी उघडीप मिळाली की खळ्यात सोडते, चिखलाचे कपडे मग मीच धुते. सासूबाई पडवीत बसून हे सगळं पाहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी हिका कधीपासून सांगतंय, पोरांका भायर खेळाक सोड म्हणान." खरं आहे. सांगत होत्या.

शाळेतही मी माझा इतिहासाचा एक तास वडाखाली घेते. सावलीतसुद्धा वर्गापेक्षा उजेड पुष्कळ असतो. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "शिवकाल आहे सर, बाहेरच बरा समजतो."

या मे महिन्यात थोरलीचा नंबर पुन्हा पाहिला. सात. वर्षात अर्ध्यानेच वाढला, पहिल्यांदाच एवढा कमी. थेंबांमुळे, वयामुळे की कशामुळे, बाईंनी लगेच काही सांगितलं नाही. डिसेंबरात पुन्हा लांबी मोजू म्हणाल्या. परवा रविवारी आम्ही सगळे चिवल्यावर गेलो होतो. रापण किनाऱ्याला लागत होती. थोरलीने चष्मा पदराला, म्हणजे माझ्या पदराला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि धाकट्याला खांद्याला धरून वळवलं. "तिकडे नाही रे, इकडे बघ. त्या होडीच्या वर. मोज बघू किती आहेत." तो मोजायला लागला. सतराच्या पुढे चुकला, तशी तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.